पाच व्होल्ट कोण खातंय?

माझं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, आणि ते हवं तसं चालत नाही याला माझ्या शेजारच्या बाई कारणीभूत आहेत. त्या गाड्यांच्या वायरिंगची कामं करतात. आजूबाजूचे मेकॅनिक कसे समजूतदार आहेत. दोष दिसला की एक पार्ट बदलून बघतात, नाही जमलं तर दुसरा बदलतात, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे येतात. या बाई मात्र गुन्हा शाबीत झाल्याशिवाय पार्टला हात लावत नाहीत. बरं, शाबीत झाला तरी आधी तो दुरुस्त होतोय का ते बघतात. अशा बाईच्या भिंतीला भिंत लावून मी दुकान थाटलं, म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

सगळे त्यांना मीटरबाई म्हणतात. व्होल्ट मोजायचं मीटर पट्ट्याने त्यांच्या गळ्यात लटकलेलं असतं, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली असते, आणि पदराच्या काठाला शिवणकामाच्या टाचण्या टोचलेल्या असतात. तारेचं आवरण न सोलता आतली वीज मोजायची तर टाचणीसारखं हत्यार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या मामाकडे वाढल्या. मामा रेडिओ दुरुस्त करायचे, आणि पोरीला घरात एकटं कसं ठेवायचं म्हणून दुकानात नेऊन बसवायचे. "आधी पुरवठा बघ, मग आजारी कोण ते विचार," हे मामांचं सांगणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. पुढे रेडिओ गेले, मामाही गेले, आणि बाई गाड्यांकडे वळल्या. त्यांचा नवरा ट्रक चालवायचा. आता गुडघ्यांमुळे तो घरी असतो आणि स्वयंपाक करतो. त्याने दिलेला डबा मीटरबाई कुठल्यातरी बॉनेटवर ठेवून उभ्यानेच खातात. त्याच्या स्वयंपाकाला त्या रोज नावं ठेवतात, पण दुसऱ्या कोणी ठेवली तर त्या माणसाची खैर नाही.

आमच्यात अबोला होता. माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलं होतं, की पार्ट घेण्याआधी गाडीला विचारा तिला तो हवाय का. गिऱ्हाईक हसलं आणि पार्ट न घेता निघून गेलं. मी मनाला लावून घेतलं. लावून घेण्यासारखंच होतं. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी चहावाल्यामार्फत बोलायचो, आणि तो बिचारा दोघांचे निरोप अर्धे गिळून उरलेले पोचवायचा.

माझ्या सासऱ्यांची गाडी बंद पडायला लागली, तेव्हा हा अबोला मला परवडेनासा झाला.

सासरे एकटे राहतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. सासऱ्यांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात आहेत. त्यांची आठवण पार पुसली गेली आहे. पुतण्या नाही, सुना नाहीत, कोणीही ओळखू येत नाही. खुद्द सासरेही नाहीत. ओळखू येते ती फक्त गाडी. ती मुळात दादांचीच. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी धाकट्या भावाच्या हातात चावी ठेवली होती. दुपारी जेवणाच्या वेळी दादा खिडकीत बसतात. फाटकातून ती गाडी आत आली की ताटाकडे वळतात, आणि गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हातून मुकाट्याने जेवतात. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटतात. मागे एकदा सासरे टॅक्सीने गेले होते. दादा दिवसभर फाटकाकडे बघत राहिले आणि उपाशीच झोपले.

तर ही गाडी मधेच रुसायला लागली. रोज नाही, पण बऱ्याचदा. घरातून व्यवस्थित निघायची, आणि मोठ्या पुलाच्या आसपास कुठेतरी ओढायची थांबायची. समोर दिवे लागायचे आणि इंजिन बंद. मागून हॉर्न, कोणाच्या तरी शिव्या. गाडी ओढून न्यायला माणूस यायला वेळ लागायचा, आणि तो आला की पहिल्या चावीला इंजिन सुरू. तो माणूस सासऱ्यांकडे असा बघायचा, की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असं वरचेवर झाल्यावर माझ्या मेहुण्याने निष्कर्ष काढला, की दोष गाडीत नाही, बाबांच्यात आहे. दादांचं जे झालं तेच आता बाबांचं सुरू झालंय. काय दाबायचं, कधी दाबायचं ते विसरतात. मेहुणा वाईट माणूस नाही. ट्रकच्या तोंडाशी गाडी बंद पडली आहे आणि आत बाप बसलाय, एवढं त्याच्या डोळ्यांसमोर यायचं आणि त्याला अन्न गोड लागायचं नाही. त्याने ठरवून टाकलं. शनिवारी दुपारी वृद्धाश्रमात यायचं, दादांचं जेवण झालं की बाबांकडून चावी घ्यायची आणि गाडी विकायची. पुढे टॅक्सीची सोय तो करणार होता. दादांना हळूहळू सवय होईल, असं तो म्हणाला.

सासऱ्यांनी वाद घातला नाही. मला मात्र त्यांनी बाजूला घेतलं. "जावईबापू, मी काही विसरत नाही हो. गाडी खरंच बंद पडते." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला फार वाईट वाटलं, कारण माझाही थोडा संशय त्यांच्यावरच होता.

तोवर मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. ओळखीच्या मेकॅनिकने गाडीला स्कॅनर लावला, तर दोषांची रांगच आली. हवेच्या दाबाचा सेन्सर, थ्रॉटलचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, आणि सगळ्यात खाली 'सेन्सर व्होल्टेज पुरवठा'. हे शेवटचं आम्ही दोघांनी वाचलं आणि सोडून दिलं, कारण त्या नावाचा पार्ट माझ्या दुकानात नव्हता. बाकीचे होते. ते एकामागून एक बदलून झाले. गाडी पुन्हा पुलाजवळ बंद पडली. आता इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलू, असं मेकॅनिक म्हणाला, पण शनिवार तोंडावर आला होता. मग मी नाक मुठीत धरून शेजारच्या दारात उभा राहिलो.

मीटरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दादांचं, चावीचं, शनिवारचं. हातातली तार सोलायची त्या थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतके जण एकदम आजारी पडत नसतात. त्यांना जेवायला कोण वाढतं ते बघू."

मला त्यांनी समजावून सांगितलं, ते असं. कॉम्प्युटर या सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो आणि सगळ्यांना एकाच वाटेने पुरवतो. इमारतीत पाण्याचा एकच पाइप वर येत असेल आणि एका घरात नळ फुटला, तर सगळ्यांच्याच बादल्या कोरड्या राहतात. तेव्हा आपण फुटका नळ शोधतो, सगळ्यांना नव्या बादल्या विकत नाही. 'बादल्या' म्हणताना त्यांनी दोन्ही वेळा माझ्याकडे पाहिलं. मी गरजू होतो, गप्प बसलो.

गाडी त्यांच्याकडे आली आणि शहाण्यासारखी वागू लागली. दुपारी दादांच्या जेवणापुरता मी सासऱ्यांना तिच्यातून नेऊन आणायचो, तेव्हाही ती कुठे अडली नाही. त्यांनी तारेत टाचणी खुपसून मीटर लावलं. पाच. तारांचे जुडगे हलवले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरना टिचक्या मारल्या, केस वाळवायच्या यंत्राने इंजिनाचे कोपरे तापवले. मीटर पाचावरून हललं नाही. मग त्यांच्या डोक्याने घेतलं, की बॅटरीच्या खालच्या पट्टीला घासून आतली तार उघडी पडली असणार. तिथलं सगळं जुडगं त्यांनी उलगडलं. आत तारा नव्यासारख्या. अख्खा दिवस वाया गेला होता. "मी चुकले," त्या म्हणाल्या, पण अशा आवाजात, की चूक माझीच असावी. मग खाली बसून त्यांनी ते सगळं पुन्हा गुंडाळलं. एरवी मला आनंद झाला असता. त्या दिवशी झाला नाही.

शुक्रवारी सासरे गाडी बघायला आले. मीटरबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि गाडी काय करते हे विचारलंच नाही. सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते सांगा, म्हणाल्या. सासरे आधी बावरले. इतक्या दिवसांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, सगळे सांगतच होते. मग ते हळूहळू खुलले. चहा, पेपर, गाडी धुणं, आंघोळ, शर्टाला इस्त्री, दादांसाठी एक स्वच्छ रुमाल, आणि निघायचं. मीटरबाईंनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "गाडी घेऊन जा. उद्या सकाळी मी येते. रोज जे करता तेच करायचं. माझ्यासाठी काहीही बदलायचं नाही."

शनिवारी सकाळी मी पोचलो, तेव्हा त्या सासऱ्यांच्या पायरीवर बसलेल्या होत्या आणि सासरे गाडी धूत होते. मी आजवर त्यांना गाडी धुताना नीट पाहिलं नव्हतं. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून त्यांनी पाण्याची धार केली होती आणि गाडीच्या नाकाडावरच्या जाळीत ती सपासप मारत होते. पुलावरून येता-जाता तिथे किडे चिकटतात. खिडकीतून दादांना गाडीचं तोंडच आधी दिसतं, तेव्हा ते तरी लखलखीत पाहिजे, असं ते आम्हाला म्हणाले. मीटरबाई बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललंय याचा मला काही पत्ता लागला नाही.

मग त्यांनी बॉनेटखाली टाचणी लावली, लांब तारा खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर मांडीवर ठेवून पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. सासरे निघाले, आणि मी सांगतो, माणूस उत्तम गाडी चालवत होता. वळणावर इशारा, खड्ड्याला ब्रेक, सगळं जिथल्या तिथे. मीटरबाई अधूनमधून "पाच" म्हणत होत्या. पुलाचा चढ आला. "पाच." उतार लागला. "चार." मग, त्याच आवाजात, "तीन. दोन. कडेला घ्या."

इंजिन बंद झालं. सासऱ्यांनी उतारावर गाडी अलगद कडेला लावली. आपली गाडी बंद पडली म्हणून खूश झालेली माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. बंद पडली, आणि दोन साक्षीदारांसमोर पडली.

मीटरबाई खाली उतरल्या होत्या. चावी चालूच ठेवा, मीटरवर नजर ठेवा आणि आकडा सांगत राहा, असं मला बजावून त्या बॉनेटखाली गेल्या. एकेका सेन्सरची जोडणी त्या काढत होत्या. ज्याची काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील, तो चोर. थ्रॉटलची काढली, आकडा दोनच्याही खाली. कॅमची काढली, तेवढाच. हवेच्या दाबाचीही काढली. तरी तेवढाच. इंजिनावर आता काढायला काही राहिलं नव्हतं. मी म्हणालो, झालं, कॉम्प्युटरच गेलाय. मीटरबाई कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत होत्या, जणू त्याने त्यांच्या मामांना शिवी दिली होती. "ज्याला काढलेलं नाही, तोच खातोय," त्या म्हणाल्या. पण तो कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सासरे सारखं घड्याळ बघत होते. दादा एव्हाना खिडकीत येऊन बसले असणार.

आणि नेमका तेव्हा मेहुणा आला. वृद्धाश्रमाकडेच निघाला होता, वाट हीच. त्याने जे बघायला नको होतं तेच त्याला दिसलं. पुलाचा उतार, उघडं बॉनेट आणि बाजूला उभा बाप. तो ओरडला नाही. सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, बास झालं आता. द्या ती चावी."

सासरे चावी काढायला खिडकीतून आत वाकले.

"चावीला हात लावायचा नाही," बॉनेटमागून आवाज आला. "माझं मोजणं चालू आहे. संपेपर्यंत ती चावी माझी."

मेहुणा चपापला. मीटरबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सासऱ्यांजवळ आल्या आणि विचारलं, "काका, एसी लावता का?"

सासऱ्यांनी मान हलवली. सासूबाईंना एसीने शिंका यायच्या, म्हणून कधी लावला नाही. त्या गेल्यावरही बटणाला हात लावावासा वाटला नाही. एसी म्हणजे नसल्यासारखाच.

"बटण बंद असतं हो, सेन्सर बंद नसतो," असं म्हणत मीटरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या गाडीच्या नाकाडासमोर गुडघे टेकून बसल्या. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा एक सेन्सर त्या जाळीमागे असतो. एसी वापरा नाहीतर वापरू नका, चावी फिरली की त्यालाही त्याच पाच व्होल्टमधला वाटा जातो. तो आम्ही कोणीच हिशेबात धरला नव्हता. मी नाही, मेकॅनिक नाही, मीटरबाईही नाहीत. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. काहीतरी खट्ट झालं, आणि निघालेल्या जोडणीतून पाण्याचे थेंब रस्त्यावर पडले.

"पाच," मी म्हणालो.

काढलेले तिन्ही सेन्सर त्यांनी परत जोडले आणि सासऱ्यांना चावी मारायला सांगितली. इंजिन लगेच सुरू झालं. मला वाटलं, आता निघायचं. मीटरबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी मेहुण्याला बोलावलं, त्याचा हात धरून जाळीमागे नेला आणि ती ओली जोडणी त्यालाच लावायला लावली. इंजिन गचकन बंद. काढायला लावली, चावी मारली, सुरू. पुन्हा लावली, पुन्हा बंद. आतमध्ये बसलेले सासरे फक्त चावी फिरवत होते, बाकी कशालाही हात लावत नव्हते, आणि हे मेहुण्याला दिसत होतं. शेवटी जोडणी काढून ठेवल्यावर तो आपल्या ओल्या बोटांकडे बघत उभा राहिला.

"पण एवढं पाणी आलं कुठून?" त्याने विचारलं.

सासरे खाली उतरले. लपवणं त्यांच्या स्वभावात नाही. "माझंच पाणी," ते म्हणाले. "रोज तिथेच धार मारतो मी." आता हेही बाबांच्याच माथी येणार, असं मला वाटलं.

मीटरबाई हात पुसत होत्या. "सेन्सरला चीर गेलीय," त्या मेहुण्याला म्हणाल्या. "पुलाच्या चढ-उतारावर जाळीतलं पाणी तिच्यात शिरतं, आणि गाडी उभी राहिली की इंजिनाच्या उष्णतेने सुकतं. पावसात गाडी चालवली असती तरी हेच झालं असतं. दोष चिरेचा. धुणाऱ्याचा नाही."

आता मी चालवतो, एवढं म्हणून मेहुणा सासऱ्यांच्या जागी बसला. त्याची गाडी तिथेच कडेला राहिली. सासरे त्याच्या बाजूला, आम्ही दोघं मागे. गाडी बंद पडते का, हे त्याला स्वतः बघायचं असावं. ती पडली नाही. वाटेत मी दबक्या आवाजात मीटरबाईंना म्हटलं, एसीचा सेन्सर आहे माझ्याकडे, उद्याच देतो. त्या म्हणाल्या, एसी लावतच नाहीत तर सेन्सर कशाला? जोडणीचं तोंड बंद करून टाकते, पाणी जायला नको. म्हणजे याही वेळी विक्री शून्य. पण अबोला संपला होता, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं.

वृद्धाश्रमाच्या फाटकातून गाडी आत वळली, तेव्हा जेवणाची वेळ कधीच उलटून गेली होती. खिडकीत दादा होते. तिथली बाई दारातच सांगायला लागली, की ताट दोनदा गरम करून झालं, एक घास घेतला नाही. मेहुण्याने गाडी थांबवली, चावी काढली आणि सवयीने आपल्या खिशात टाकली. सासऱ्यांनी ते पाहिलं. ते उतरून आत गेले.

आम्ही दारात उभे राहिलो. दादा ताटाकडे वळून बसले होते. सासऱ्यांनी एका हाताने चमचा धरला, दुसरा हात रुमालासकट दादांच्या हनुवटीखाली धरला, आणि दादांनी तोंड उघडलं. एवढं साधं. मीटरबाई, ज्या सकाळपासून कुठेही डगमगल्या नव्हत्या, त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या, आणि पदरातली टाचणी बोटाला टोचली म्हणून स्वतःवरच चिडल्या.

मेहुणा बराच वेळ बघत होता. मग तो आत गेला. सासऱ्यांनी मान वर केली, पण त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते. मेहुण्याने आपल्या खिशातून चावी काढली आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"बाबा," तो म्हणाला, "उद्या धुताना जाळीत पाणी जरा हळू मारा."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि पुढचा घास भरला.